रोव्हर घरीही बनतो! गॅरेजमधला हुनर आणि शाळेतलं पुस्तक एकत्र आणा

खर्डा म्हटलं की ११ मार्च १७९५ ची मराठे-निजाम लढाई आठवते, गावातला भुईकोट किल्ला आठवतो. जामखेड तालुक्याचं हे टोक, पलीकडे बीड आणि धाराशिवची हद्द. इथून पुण्या-मुंबईच्या लॅब दूर वाटतात, चंद्राचं तर विचारूच नका. तरी 'रोव्हर' हा शब्द आपल्या पोरांना आता नवा नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ चंद्रावर उतरलं, त्यातून सहा चाकांचा 'प्रज्ञान' बाहेर आला, आणि हे सगळं मुलांनी मोबाईलवर पाहिलं. एखाद्यानं घरी विचारलंही असेल, "अब्बा, असली गाडी आपल्याला करता येईल का?"

करता येते. चंद्रावर जाणारी नाही, पण अंगणात फिरणारी, समोर दगड आला की थांबणारी आणि वळणारी गाडी दोन हजारांच्या आत घरी बनते. ती कशी बनते आणि कुठे अडते, ते या लेखात सांगतो. शिवाय ती बनवणाऱ्या मुलाला किंवा मुलीला घरानं काय द्यावं, हेही सांगायचं आहे, कारण गाडी बहुतेक वेळा तिथेच अडते.

रोव्हर आणि रिमोटची खेळण्यातली गाडी यात फरक काय? खेळण्यातल्या गाडीला डोळे नसतात, ती भिंतीवर आपटते. रोव्हरला सेन्सर असतात, आणि त्यावरून थोडा निर्णय तो स्वतः घेतो. मंगळावर पाठवलेला संदेश पोचायला अंतरानुसार साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. म्हणजे समोर खड्डा दिसला, त्याचा फोटो पृथ्वीवर आला, आपण 'थांब' म्हटलं, तोवर गाडी खड्ड्यात गेलेली असणार. म्हणून तिला स्वतःला पाहावं लागतं. चंद्र जवळ आहे, तिथे संदेश सव्वा सेकंदात पोचतो, तरी काळजी घ्यावीच लागते. २७ ऑगस्ट २०२३ ला प्रज्ञानच्या समोर ४ मीटर रुंदीचा खड्डा आला. ३ मीटर आधीच तो दिसला, आणि प्रज्ञानला मागे फिरवून दुसऱ्या वाटेनं नेलं. या २६ किलोच्या गाडीनं चंद्रावर एकूण शंभर मीटरच्या आसपास प्रवास केला. आपल्या गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत म्हणा. तेवढ्यासाठी शेकडो माणसांची कित्येक वर्षांची मेहनत लागली.

आणि हे काम फक्त श्रीहरिकोटा किंवा बेंगळुरूलाच चालतं असंही नाही. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, अहिल्यानगरला (आपल्या तोंडात अजून अहमदनगरच बसलंय), लष्करी वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था आहे. पुण्यात दिघीला डीआरडीओच्याच दुसऱ्या संस्थेनं 'दक्ष' नावाचा रोबो बनवला. बॉम्ब निकामी करायला माणसाऐवजी तो पुढे जातो. जिने चढतो, ऑपरेटर पाचशे मीटर लांब राहून त्याला चालवू शकतो. २०११ मध्ये त्याची पहिली तुकडी लष्कराला मिळाली. चाकं, मोटारी, बॅटरी, कॅमेरा, रिमोट. घरच्या रोव्हरमध्ये जे असतं तेच, फक्त कितीतरी पक्कं.

आपल्याकडे अर्धं सामान आधीच आहे

आपल्या समाजातली एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण तिचा असा विचार होत नाही. तालुक्याच्या कुठल्याही गावात जा. गॅरेज, वेल्डिंग, मोटार रिवायंडिंग, फॅब्रिकेशन, पंक्चर, रेडिएटर या धंद्यांत आपली माणसं भरपूर. बोअरची मोटार जळाली की शेतकरी ज्याच्याकडे येतो, तो कॉइलचे वेढे बोटानं मोजतो. हा हुनर आहे, आणि तो बापाकडून मुलाकडे जातो. दुसरी बाजू कडू आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की देशातली ६ ते १४ वयाची २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर कधी शाळेत गेलीच नव्हती किंवा मधेच शाळा सोडून बसली होती. आकडा जुना आहे, पण आठवी-नववीतून उठून गॅरेजवर बसलेला मुलगा आजही प्रत्येक मोहल्ल्यात सापडतो.

मग होतं असं की एका घरात मोठ्या भावाला मोटार खोलता येते पण ओहमचा नियम माहीत नाही. धाकटी बहीण दहावीत ओहमचा नियम पाठ करते, पण तिनं सोल्डरिंग गन हातात धरलेली नाही. दोघं एकाच ताटात जेवतात. रोव्हर या दोघांना एका टेबलाला बसवतो. म्हणून माझं मत असं, की हे काम मुलानं एकट्यानं खोलीत बसून करण्यापेक्षा भावंडांनी मिळून करावं.

यंत्रं बनवण्याचा हा वारसा आपल्याकडे नवा नाही. दियारबकिरच्या दरबारात काम करणाऱ्या अल-जझारी यांनी १२०६ मध्ये यंत्रांवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात पाणी उपसणारी यंत्रं आहेत, घड्याळं आहेत, आणि वजूसाठी आपोआप पाणी ओतणारी आकृतीही आहे. सुलतानाला नोकरानं पाणी ओतलेलं आवडत नव्हतं, म्हणून ती केली. हा माणूस किताबही लिहीत होता आणि धातूचं कामही करत होता. ही दोन कामं वेगळ्या माणसांची असतात, हे आपण कधी ठरवलं कोण जाणे.

गाडी कशी जोडायची

आता सामान. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथे सगळं मिळतं, ऑनलाईनही मिळतं. दर बदलत असतात, पण अंदाज असा धरा: अर्डुइनो ऊनो बोर्ड (कंपनीचा नसलेला) ४०० ते ६०० रुपये, गिअरच्या चार बीओ मोटारी चाकांसह ३०० ते ४००, एल२९८एन मोटार ड्रायव्हर दीड-दोनशे, एचसी-०५ ब्लूटूथ अडीचशे-साडेतीनशे, एचसी-एसआर०४ सेन्सर शंभरच्या आत-बाहेर. वायर, स्विच, सेलचं होल्डर धरून दोनशे-अडीचशे. सगळं एकदम घेऊ नका. आधी मोटारी, ड्रायव्हर आणि बोर्ड घ्या. गाडी चालायला लागली की मग ब्लूटूथ आणि सेन्सर. एकदम आणलेलं सामान पिशवीतच राहतं, हा पुष्कळ घरांचा अनुभव आहे.

सांगाडा विकत घ्यायची गरज नाही. प्लायचा तुकडा, जुनी प्लॅस्टिकची ट्रे, पीव्हीसी पाइप, काहीही चालतं. वजन कमी आणि तळ बसका, एवढं पाहा. मोटारी चार कोपऱ्यांना. बीओ मोटारीच्या पिवळ्या डबीत गिअर असतात; आतली मोटार सुसाट फिरते, गिअर तिचा वेग कमी करून ताकद वाढवतात. चढावर आपण गाडी पहिल्या गिअरला टाकतो, त्यातलाच प्रकार.

इथे पहिली चूक होते. मुलं मोटारीच्या वायरी सरळ अर्डुइनोला जोडतात. अर्डुइनोची एक पिन साधारण २० मिलिअँपिअर करंट आरामात देते. एका बीओ मोटारीला चालताना त्याच्या कितीतरी पट लागतो, आणि चाक अडकलं तर आणखी जास्त. पिन जळते. रिवायंडिंगवाल्या चाचांना हे लगेच कळेल: बोअरची मोटार आपण घरातल्या बटणावर चालवतो का? मधे स्टार्टर असतो. बटण फक्त इशारा देतं, मोटारीचा करंट स्टार्टरमधून जातो. इथे अर्डुइनो म्हणजे बटण दाबणारं बोट आणि एल२९८एन म्हणजे स्टार्टर. डावीकडच्या दोन मोटारी ड्रायव्हरच्या एका बाजूला, उजवीकडच्या दोन दुसऱ्या बाजूला.

वळायला स्टिअरिंग लागत नाही. डावी चाकं मागे आणि उजवी पुढे फिरवली की गाडी जागच्या जागी डावीकडे वळते. जेसीबीचा पट्टेवाला भाऊ, पोकलेन, असाच वळतो.

वीज हा दुसरा अडथळा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. दुकानात चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मिळते, मुलं तीच आणतात, कारण ९ हा आकडा मोठा दिसतो. गाडी दोन पावलं चालते आणि बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतो. त्या बॅटरीत व्होल्ट आहेत पण मोटारींना हवा तेवढा करंट ती देऊ शकत नाही. म्हणून मोटारींसाठी चार्ज होणारे सहा पेन्सिल सेल घ्या, मिळून ७.२ व्होल्ट होतात. त्यातले दीड-दोन व्होल्ट एल२९८एन स्वतःच खातो, उरलेले मोटारींना पुरतात. अर्डुइनोला मोबाईलची पॉवर बँक वेगळी लावा, म्हणजे मोटारीनं ओढ घेतली तरी त्याचा मेंदू बंद पडणार नाही. (काही पॉवर बँका करंट फार कमी आहे असं पाहून आपोआप बंद होतात. तसं झालं तर बोर्डात दोष शोधत बसू नका, दुसरी पॉवर बँक लावून पाहा.) दोन ठिकाणची वीज असली तरी सेलचं मायनस आणि अर्डुइनोचं ग्राउंड एकत्र जोडलंच पाहिजे. ही एक वायर राहिली म्हणून कित्येक गाड्या हलल्याच नाहीत.

लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेले लिथियम सेल वापरायचा मोह होतो. मोठं माणूस सोबत नसेल तर ते नकोच. शॉर्ट झाला तर तो सेल पेट घेतो.

मग प्रोग्राम. लॅपटॉप नसेल तर शाळेच्या संगणकावर किंवा सायबर कॅफेत अर्डुइनोचं मोफत सॉफ्टवेअर चालतं. मोबाईललाही ओटीजी केबल लावून काम भागतं. पहिला प्रोग्राम फक्त एवढाच लिहा: दोन सेकंद पुढे, थांब. तो जमला की डावीकडे, उजवीकडे. ब्लूटूथ त्यानंतर. एचसी-०५ अर्डुइनोच्या ० आणि १ नंबरच्या पिनांना जोडलं असेल, तर प्रोग्राम टाकताना ते काढून ठेवा. बोर्ड कॉम्प्युटरशी त्याच पिनांवरून बोलतो. दोघं एकदम बोलायला लागले की प्रोग्राम चढत नाही, आणि मुलाला वाटतं बोर्ड खराब आला.

शेवटी डोळे. एचसी-एसआर०४ वटवाघळासारखं काम करतो. आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि तो आदळून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोर २० सेंटिमीटरवर भिंत असेल तर जाऊन-येऊन ४० सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा किंचित जास्त वेळ. प्रोग्राममध्ये लिहायचं: अंतर २० पेक्षा कमी आलं तर थांब, मागे ये, वळ. नववीच्या विज्ञानात प्रतिध्वनी शिकवतात. तो धडा आणि ही गाडी मुलांपुढे शेजारी ठेवून पाहा.

गाडी पहिल्या दिवशी सरळ चालणार नाही. दोन मोटारी कधीच सारख्या नसतात. फरशीवर खडूनं रेघ मारा, गाडी कुठे सरकते ते पाहा आणि जोरात फिरणाऱ्या बाजूचा वेग प्रोग्राममध्ये थोडा कमी करा. २५५ च्या जागी २४०, मग २३५. हे वहीत लिहून ठेवायला सांगा.

ही चार चाकांची गाडी जमली की पुढचा टप्पा सहा चाकांचा. मंगळावरच्या नासाच्या रोव्हरांना आणि आपल्या प्रज्ञानला जी रचना आहे तिला रॉकर-बोगी म्हणतात. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या जेपीएल या संस्थेचे अभियंता डॉन बिकलर यांनी ती शोधली. तिच्यात स्प्रिंग नसते. तराजूची दांडी कशी मधल्या खिळ्यावर झुलते, तशा दोन्ही बाजूंच्या दांड्या झुलतात; एक चाक दगडावर चढलं तरी बाकीची चाकं जमीन सोडत नाहीत आणि मधला डबा कमी हलतो. हे पीव्हीसी पाइप आणि नटबोल्टनं घरी करता येतं. इथे वेल्डिंगवाल्या भावाचा हात कामाला येईल. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, त्या ढेकळांत ही गाडी चालवून पाहा. जेपीएलनं २०१८ मध्ये आपल्या रोव्हरच्या छोट्या नमुन्याचे आराखडे सगळ्यांसाठी मोफत खुले केले आहेत. तो पूर्ण बनवायचा तर खर्च लाखांत जातो, पण आराखडे पाहून शिकायला पैसे लागत नाहीत.

गाडी हलली नाही तर

कलाम साहेबांचं नाव प्रत्येक शाळेच्या स्नेहसंमेलनात घेतलं जातं. त्यांच्या 'नंदी'बद्दल मात्र कमी बोललं जातं. रॉकेटकडे वळण्याआधी बेंगळुरूला त्यांनी एका छोट्या तुकडीसह हॉवरक्राफ्ट, म्हणजे जमिनीपासून थोडी वर तरंगणारी गाडी, बनवली होती. आधी कुणाला अनुभव नव्हता. गाडी तयार झाली, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन तिच्यात बसले. नंतर प्रकल्पच गुंडाळला गेला. पण ती गाडी पाहायला आलेल्या शास्त्रज्ञ एम. जी. के. मेनन यांच्यामुळे कलामांना अंतराळ संशोधनाच्या मुलाखतीचं बोलावणं आलं.

स्पिरिट रोव्हरचंही असंच. २००६ मध्ये मंगळावर त्याचं पुढचं एक चाक बंद पडलं. ते चाक फरफटत तो चालत राहिला. २००७ मध्ये त्याच फरफटीनं माती उकरली जाऊन खाली पांढरा, सिलिकानं भरलेला थर दिसला. तिथे कधीकाळी गरम पाणी किंवा वाफ असावी याचा तो पुरावा ठरला. चाक चांगलं असतं तर तो थर दिसलाच नसता.

दुबई-शारजाला कामाला असलेलं कुणी ना कुणी आपल्या नात्यात असतंच. त्यांना विचारा, 'राशिद' रोव्हरबद्दल सांगतील. संयुक्त अरब अमिरातीचा हा सुमारे १० किलोचा रोव्हर डिसेंबर २०२२ मध्ये एका जपानी कंपनीच्या लँडरमधून चंद्राकडे निघाला. एप्रिल २०२३ मध्ये उतरताना लँडर कोसळला, राशिदही गेला. त्यांनी लगेच दुसऱ्या रोव्हरची घोषणा केली. त्याच देशाचं 'होप' यान फेब्रुवारी २०२१ पासून मंगळाभोवती फिरतंय, आणि त्या मोहिमेच्या विज्ञान विभागाचं नेतृत्व सारा अल अमिरी या तरुण महिलेनं केलं.

हे मुद्दाम सांगतोय. आपल्या घरांत पक्कड-पान्हा मुलाच्या हातात जातो आणि मुलीला 'तू राहू दे' म्हटलं जातं. सोल्डरिंगला ताकद लागत नाही. बारीक नजर आणि स्थिर हात लागतो. मेंदी काढणाऱ्या मुलीकडे दोन्ही असतात.

घरानं द्यायचं ते फार नाही. एक कोपरा, जिथलं सामान रोज उचलावं लागणार नाही. महिन्याला दोन-तीनशे रुपये. आणि गाडी हलली नाही तेव्हा पाहुण्यांसमोर चेष्टा नको. या शेवटच्या गोष्टीला पैसे लागत नाहीत, तरी तीच सगळ्यात कमी मिळते. "हे करून काय मिळणार?" हा सवाल अब्बा विचारणारच, आणि घर चालवणाऱ्या माणसानं तो विचारावाच. त्याचं उत्तर खालच्या वाटांमध्ये आहे.

शाळेत सहावी ते दहावीच्या मुलांसाठी सुरू झालेली केंद्र सरकारची इन्स्पायर-मानक योजना आहे. मुलाची कल्पना शाळेनं ऑनलाईन पाठवायची असते. निवड झाली तर नमुना बनवायला १० हजार रुपये मिळतात. मुख्याध्यापकांना जाऊन विचारा, पुष्कळ शाळा नावंच पाठवत नाहीत. २०१६ पासून काही शाळांना अटल टिंकरिंग लॅब मिळाल्या आहेत, तिथे अर्डुइनो, सेन्सर, थ्रीडी प्रिंटर सगळं असतं. जवळच्या कुठल्या शाळेत ती आहे याची चौकशी करा. लॅब असेल आणि कपाटाला कुलूप असेल, तर ते उघडायला पालकांनीच सांगावं लागतं.

गॅरेजवर बसलेल्या मुलाची वाटही बंद नाही. शाळा सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते. दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियन, फिटर, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक असे ट्रेड आहेत. दोन वर्षांचा ट्रेड पास झाला की पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्याही थेट दुसऱ्या वर्षात. ज्याच्या हाताला मोटार आधीच कळते, त्याला वर्कशॉपचा विषय जड जात नाही. जड जातं ते गणित आणि इंग्रजी. तिथे दहावीतली बहीण त्याला शिकवू शकते, आणि बदल्यात तो तिला सोल्डरिंग शिकवू शकतो.

फॉर्म १७ च्या तारखा दरवर्षी बोर्ड जाहीर करतं, आणि फॉर्म परीक्षेच्या बऱ्याच महिने आधी भरावा लागतो. फेब्रुवारीत आठवण झाली तर उशीर झालेला असतो, म्हणून पावसाळ्यातच शाळेत चौकशी करून ठेवा.